समरूप बहुभुजांचा पाठ : वाढ बेरजेची नव्हे, पटीची

सोलापूर शहरातील सात रस्ता हे ठिकाण जिल्ह्यातील बहुतेक शिक्षकांच्या पायाखालचे आहे. सात वाटा एके ठिकाणी मिळतात, म्हणून हे नाव, एवढे लहान मुलासही नावावरूनच उमगते. भूमिती शिकविणाऱ्यास मात्र या नावात एक तयार आकृती सापडते : एक बिंदू आणि त्यातून निघालेले सात किरण. समरूप बहुभुजांचा पाठ ज्या आकृतीच्या साहाय्याने सर्वांत सुलभ होतो, ती आकृती हीच होय. तिला खडू, दोरी आणि मोजपट्टी यांपलीकडे काही साहित्य लागत नाही. म्हणून कोणत्याही खेड्यातील शाळेत ती काढता येते.

अडचण कोठे आहे

समरूपतेचा अर्थ सांगताना ‘आकार तोच, माप वेगळे’ असे सांगण्याचा प्रघात आहे. हे वाक्य चुकीचे नाही, परंतु मुलांच्या दृष्टीने ते अपुरे आहे. मराठीत ‘आकार’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. ‘गोल आकाराची थाळी’ असे म्हणताना आकार म्हणजे घडण. ‘मोठ्या आकाराची चादर’ असे म्हणताना आकार म्हणजे माप. ज्या मुलाच्या कानावर दुसरा अर्थ अधिक पडलेला असतो, त्याला वरील व्याख्या परस्परविरोधी वाटते. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांत अनेक घरी कानडी बोलतात, शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलतात. तेथील मुलांना तर शब्दांपेक्षा आकृतीच अधिक साह्य करते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. एखादी आकृती ‘तशीच पण मोठी’ काढण्यास सांगितले, तर पुष्कळ मुले प्रत्येक बाजूत सारखीच लांबी मिळवितात. ३ सेंटिमीटर व ५ सेंटिमीटर बाजूंचा आयत मोठा करावयाचा असता ती ५ व ७ सेंटिमीटर बाजूंचा आयत काढतात. कारण दोन्ही बाजू ‘दोन-दोननेच’ वाढल्या, म्हणजे न्याय सारखा झाला असे त्यांना वाटते. ही चूक हलगर्जीपणाची नाही. बेरजेची सवय जुनी आणि पटीची कल्पना नवी, यांतून ती उद्‌भवते. ती उच्च प्राथमिक वर्गांत दुरुस्त झाली नाही, तर पुढे दहावीच्या भूमितीत समरूपतेचे प्रकरण येते तेव्हा मुलगा कसोट्यांची नावे पाठ करतो, परंतु गुणोत्तर कशाचे कशाशी घ्यावयाचे हे त्याला उमजत नाही. वाढ बेरजेने होते की पटीने, हा एकच मुद्दा या पाठाचे मर्म आहे.

सात किरणांची आकृती

फळ्याच्या मध्यावर ‘म’ हा बिंदू घ्यावा. त्यातून सात किरण काढावेत. किरणांमधील कोन मुद्दाम लहानमोठे ठेवावेत. मात्र लगतच्या कोणत्याही दोन किरणांमधील कोन १८० अंशांहून कमी असावा. सातही कोनांची बेरीज ३६० अंश भरते हे मुलांकडून मोजून घ्यावे. सर्व कोन समान असते तर प्रत्येक कोन सुमारे ५१ अंशांचा झाला असता, हेही भागाकार करून काढता येईल. खऱ्या चौकातील रस्ते असे समान कोनांत मिळत नसतात, म्हणून फळ्यावरही ते तसे काढू नयेत.

आता किरणांवर ‘म’ पासून क्रमाने १०, १५, २०, १०, २५, १५ आणि २० सेंटिमीटर अंतरे घेऊन अ, ब, क, ड, इ, फ, ग हे बिंदू मांडावेत व ते जोडून सप्तभुज काढावा. हा पहिला सप्तभुज.

नंतर प्रत्येक अंतराची दुप्पट करावी : २०, ३०, ४०, २०, ५०, ३० आणि ४० सेंटिमीटर. हे बिंदू त्याच किरणांवर दुसऱ्या रंगाच्या खडूने मांडून जोडावेत. हा दुसरा सप्तभुज. मुलांना पुढे बोलावून तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली, दुसऱ्या सप्तभुजाची प्रत्येक बाजू पहिल्याच्या संगत बाजूस समांतर आहे. दुसरी, प्रत्येक बाजू संगत बाजूच्या दुप्पट आहे. तिसरी, संगत कोन समान आहेत. येथे एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आणून द्यावी की, दुप्पट केली ती केवळ ‘म’ पासूनची अंतरे. बाजूंना कोणी हात लावला नव्हता. तरीही बाजू आपोआप दुप्पट झाल्या. अ आणि ब यांच्याकडे जाणाऱ्या दोन किरणांमधील कोन तोच राहिला आणि त्या किरणांवरील दोन्ही अंतरे एकाच पटीत वाढली, म्हणून समोरची बाजूही त्याच पटीत वाढली, हे त्याचे कारण.

शेवटी तिसरा सप्तभुज काढावा. या वेळी पट घेऊ नये. प्रत्येक अंतरात १० सेंटिमीटर मिळवावेत : २०, २५, ३०, २०, ३५, २५ आणि ३०. मुलांना प्रथम अंदाज विचारावा. नंतर आकृती पूर्ण करावी. पहिल्या व चौथ्या किरणांवर हा सप्तभुज दुसऱ्याशी जुळतो, कारण १० ची दुप्पट आणि १० मध्ये १० मिळविणे या दोहोंचे उत्तर एकच आहे. इतर पाचही किरणांवर मात्र तो मागे पडतो. १० चे २० झाले तेथे पट २. परंतु २५ चे ३५ झाले तेथे पट केवळ १.४. बाजू समांतर राहत नाहीत, कोन बदलतात, घडण बिघडते. बेरजेची वाढ आणि पटीची वाढ यांतील भेद याहून स्पष्टपणे क्वचितच दाखविता येईल.

या ठिकाणी एक सावधगिरी बाळगावी. सर्व किरणांवर समान अंतर घेतले, तर बेरजेनेही समरूप सप्तभुज मिळतो. कारण १० चे २० सर्वत्र झाले म्हणजे पट सर्वत्र २ च राहते. असे उदाहरण प्रथम घेतल्यास मुलांचा गैरसमज दृढ होईल. म्हणून अंतरे असमान घेणे अगत्याचे आहे.

आकृतीच्या चार हालचाली

समरूपता म्हणजे काय हे हालचालींच्या भाषेत सांगितले, तर ते मुलांना हाताने करून पाहता येते. हालचाली चार आहेत. आकृती न फिरविता एका दिशेने सरकविणे, म्हणजे स्थानांतरण. एका बिंदूभोवती काही अंशांतून फिरविणे, म्हणजे परिभ्रमण. एका रेषेत आरशाप्रमाणे उलटविणे, म्हणजे परावर्तन. आणि एका बिंदूपासून सर्व दिशांना एकाच पटीत वाढविणे किंवा घटविणे. सात किरणांच्या आकृतीत केले ते हेच.

पहिल्या तीन हालचालींत लांबी बदलत नाही आणि कोनही बदलत नाहीत. म्हणून त्यांच्या योगाने एकरूप आकृत्या मिळतात. चौथ्या हालचालीत लांबी बदलते, पण कोन आणि बाजूंची परस्पर गुणोत्तरे बदलत नाहीत. यावरून व्याख्या अशी करता येते : एक आकृती सरकवून, फिरवून, उलटवून आणि एकाच पटीत लहानमोठी करून दुसरीवर तंतोतंत बसविता येत असेल, तर त्या दोन आकृत्या समरूप होत. यांपैकी प्रत्येक हालचाल करावीच लागेल असे नाही. चौथीची गरज पडली नाही, तर त्या आकृत्या एकरूपही आहेत.

भूमितीकडे अशा रीतीने पाहण्याचा मार्ग फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने १८७२ साली मांडला. आकृती हलविली असता काय बदलते आणि काय अबाधित राहते, याचा शोध म्हणजे भूमिती, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. सातवीच्या मुलास क्लाइनचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ‘काय बदलले? काय राहिले?’ हे दोन प्रश्न त्याने प्रत्येक आकृतीला विचारावेत.

परावर्तनाविषयी मुले हटकून अडतात. तिन्ही बाजू असमान असलेला पुठ्ठ्याचा त्रिकोण उलटा केला, की तो ‘वेगळा’ आहे असे ती म्हणतात. अशा वेळी डाव्या व उजव्या पायांतील चपलांचे तळ कागदावर गिरवून दाखवावेत. कागद कितीही सरकविला वा फिरविला तरी एक ठसा दुसऱ्यावर बसत नाही; कागद उलटा करून उजेडासमोर धरला की लगेच बसतो.

सोलापुरी चादरीतील भूमिती

हालचालींचे उदाहरण शोधण्यास सोलापूर जिल्ह्यातील शिक्षकाला दूर जावे लागत नाही. सोलापुरी चादरीस २००५-०६ या वर्षात भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली आहे, आणि तशी एखादी चादर बहुधा गावातील घराघरांत असते. ती वर्गात पसरून मुलांना नक्षी न्याहाळण्यास सांगावे. एकच आकृती ठरावीक अंतराने पुढे पुन्हा आलेली दिसते, तेथे स्थानांतरण आहे. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ती समोरासमोर तोंड करून आली असेल, तर तेथे परावर्तन आहे. चादर अर्धा फेरा फिरवूनही नक्षी पहिल्यासारखीच दिसली, तर तेथे १८० अंशांचे परिभ्रमण आहे.

समरूपतेचा खरा कस मात्र चादर विणण्यापूर्वीच लागतो. अशी नक्षी जॅकार्डच्या मागावर विणतात. फ्रान्समधील जोझेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास ही योजना सिद्ध केली. तीत पुठ्ठ्याच्या पानांवरील छिद्रे ताण्यातील कोणते धागे उचलावयाचे ते ठरवितात. छिद्रे पाडण्यापूर्वी नक्षी चौकटीच्या कागदावर काढावी लागते. कागदावरील उभी ओळ ताण्याच्या धाग्यांची आणि आडवी ओळ बाण्याच्या धाग्यांची निदर्शक असते.

समजा, कापडाच्या १ सेंटिमीटर रुंदीत ताण्याचे २० धागे आहेत आणि १ सेंटिमीटर लांबीत बाण्याचे १६ धागे बसतात. साध्या चौरस चौकटींच्या कागदावर नक्षीकाराने ४० चौकटी रुंद व ४० चौकटी उंच असा चौरस काढला. तो कापडावर उतरला, की त्याची रुंदी ४० भागिले २० म्हणजे २ सेंटिमीटर होईल आणि उंची ४० भागिले १६ म्हणजे २.५ सेंटिमीटर होईल. कागदावरचा चौरस कापडावर आयत झाला. कागदावर वर्तुळ काढले असते तर ते लांबट झाले असते. हे टाळण्यासाठी नक्षीकार निराळ्या प्रमाणाचा कागद घेतो. वरील उदाहरणात चौकटीची रुंदी व उंची ४ : ५ या प्रमाणात असली म्हणजे कागदावर जे दिसते, तेच कापडावर समरूप होऊन उतरते. आता हे रेखाटन संगणकावरही होते. तेथेही दोन्ही दिशांची धाग्यांची घनता यंत्रास सांगावीच लागते.

एका दिशेने एक पट आणि दुसऱ्या दिशेने दुसरी पट घेतली की घडण मोडते, हा धडा मुलांना यातून मिळतो. ‘एकाच पटीत’ आणि ‘सर्व दिशांना’ हे शब्द व्याख्येत का आले, ते यावरून कळते.

चादरीचा काठही असाच उपयोगी पडतो. समजा, मधला भाग १०० सेंटिमीटर रुंद व २०० सेंटिमीटर लांब आहे आणि त्याच्या चारी बाजूंना १० सेंटिमीटरचा काठ आहे. बाहेरचा आयत १२० व २२० सेंटिमीटरचा झाला. आतील बाजूंचे गुणोत्तर १ : २, बाहेरील ६ : ११. दोन्ही आयत एकाआड एक नीट बसलेले दिसतात, तरी ते समरूप नाहीत. १२० रुंदीचा समरूप आयत २४० लांब असावयास पाहिजे. डोळ्यांना जे ‘सारखे’ भासते ते मोजून पाहिल्याविना मान्य करू नये, ही सवय अशा उदाहरणांनी लागते.

दोन अटी, आणि दोन्ही आवश्यक

बहुभुज समरूप असण्यास दोन अटी आहेत : संगत कोन समान असावेत आणि संगत बाजू एकाच प्रमाणात असाव्यात. यांपैकी एकीने भागत नाही. चादरीच्या काठाच्या उदाहरणात सर्व कोन काटकोन होते, म्हणजे पहिली अट पुरी झाली. दुसरी झाली नाही. उलट बाजूचे उदाहरण बांबूच्या चार समान कामट्यांचे. त्या टोकाशी दोऱ्याने बांधून चौरस करावा व एका कोपऱ्याला हलकेच दाबावा. बाजू त्याच राहिल्या, तरी चौरसाचा समभुज चौकोन झाला. येथे दुसरी अट पुरी झाली, पण पहिली मोडली.

आता तीन कामट्यांचा त्रिकोण बांधून दाबून पाहावा. तो हलत नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाचे कोन ठरलेच. त्याचप्रमाणे तीन कोन ठरले की बाजूंची गुणोत्तरे ठरली. म्हणून त्रिकोणाच्या बाबतीत मात्र एक अट पुरी झाली की दुसरी आपोआप पुरी होते. ही त्रिकोणाची विशेष सवलत आहे. ती चौकोनास वा सप्तभुजास लागू नाही. पुढील वर्गांत ‘कोन समान म्हणून समरूप’ असे चौकोनाविषयी लिहिणारी मुले आढळतात, याचे कारण ही सवलत कोणाला आहे हे त्यांना सांगितलेले नसते.

या सवलतीवर मोठमोठी कामे उभी राहिली आहेत. विल्यम लॅम्टन याने १८०२ साली मद्रासजवळ भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. जमिनीवर एक रेषा अतिशय काळजीपूर्वक मोजावयाची आणि पुढे मुख्यतः कोन मोजीत, त्रिकोणास त्रिकोण जोडीत जावयाचे, अशी ती पद्धत होती. कोनांवरून त्रिकोणाची घडण ठरे. मोजलेल्या एका बाजूवरून त्याचे माप ठरे. नद्या, डोंगर व अरण्ये यांतून प्रत्येक अंतर साखळीने मोजीत बसण्याचे त्यामुळे टळले. हे काम करीत असतानाच १८२३ साली लॅम्टन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला.

शाळेच्या आवारातही हाच प्रयोग सावलीच्या साहाय्याने होतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (सन ११५०) छायेची गणिते आहेत, आणि ती त्रैराशिकाने सुटतात. १ मीटरची काठी ओळंब्याने उभी धरावी. तिची सावली ६० सेंटिमीटर पडली आणि त्याच वेळी ध्वजस्तंभाची सावली ३.६ मीटर भरली, तर ध्वजस्तंभाची उंची ३.६ भागिले ०.६ म्हणजे ६ मीटर. सूर्यकिरण दोहोंवर एकाच कोनात पडतात आणि दोन्ही जमिनीशी काटकोन करतात, म्हणून दोन त्रिकोण समरूप आहेत. जमीन सपाट असावी व दोन्ही मापे एकदमच घ्यावीत. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑगस्टच्या आरंभी भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. यास्तव हा प्रयोग सकाळच्या तासिकेत करावा.

क्षेत्रफळाची वाढ

ज्या ठिकाणी अज्ञानाची किंमत रोख मोजावी लागते, ते ठिकाण क्षेत्रफळाचे आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद अशी जागा, अर्थात १०८९ चौरस फूट. लांबी व रुंदी दोन्ही दुप्पट केल्या, तर ६६ गुणिले ६६ म्हणजे ४३५६ चौरस फूट झाले; हे दोन गुंठे नव्हेत, चार गुंठे होत. बाजू तिप्पट केल्यास नऊ गुंठे. जमिनीवर ३३ फूट बाजूचे चौरस दोरीने आखून दाखविले, तर मुले हे मोजून सांगतात. समरूप आकृत्यांच्या बाजूंचे गुणोत्तर जे असेल, त्याचा वर्ग हे क्षेत्रफळांचे गुणोत्तर, हा नियम नंतर सांगावा.

हीच गोष्ट नकाशाची. शेताचा नकाशा आणि शेत हे समरूप बहुभुज आहेत. नकाशाचे प्रमाण १ : १००० असले, तर नकाशावरील १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १० मीटर, परंतु नकाशावरील १ चौरस सेंटिमीटर म्हणजे १० चौरस मीटर नव्हे, तर १०० चौरस मीटर, म्हणजेच १ आर. अशा नकाशावर २५ चौरस सेंटिमीटर जागा व्यापणारे शेत २५ आरांचे असते. तेच शेत १ : ५०० या प्रमाणात काढले, तर ते कागदावर ५० नव्हे, १०० चौरस सेंटिमीटर जागा व्यापील. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेले असते. वाटणीच्या वेळी, खरेदीखताच्या वेळी किंवा रस्त्यासाठी जमीन संपादित होते त्या वेळी नकाशा आणि उतारा ताडून पाहण्याची पाळी येते. घरातील शिकलेले मूल तेव्हा पुढे होते. बाजूची पट आणि क्षेत्रफळाची पट यांत त्याचा घोटाळा होऊ नये, एवढे काम शाळेने केलेच पाहिजे.

पाठाची मांडणी

हा विषय पाच तासिकांत पुढीलप्रमाणे घेता येईल.

पहिली तासिका : पुठ्ठ्याच्या आकृत्या सरकविणे, फिरविणे, उलटविणे, चादरीतील नक्षी ओळखणे, एकरूपतेची उजळणी.

दुसरी तासिका : सात किरणांची आकृती, प्रथम फळ्यावर आणि नंतर आवारात. आवारात खुंटी ठोकून दोऱ्या ताणाव्यात व अंतरे पावलांनी न मोजता मोजपट्टीने मोजावीत. दुप्पट, निमपट आणि बेरीज असे तिन्ही सप्तभुज काढावेत.

तिसरी तासिका : दोन अटी; कामट्यांचा चौकोन व त्रिकोण; काठाचे उदाहरण.

चौथी तासिका : सावलीवरून उंची. मुलांचे गट करून निरनिराळ्या काठ्या द्याव्यात व सर्वांचे उत्तर जवळपास एकच येते हे दाखवावे.

पाचवी तासिका : क्षेत्रफळ व नकाशा. वर्गखोलीचा नकाशा १ सेंटिमीटरला १ मीटर या प्रमाणात काढून क्षेत्रफळ दोन्ही रीतींनी काढावे.

एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतील, तेथे वरच्या इयत्तेच्या मुलांनी दोऱ्या आखाव्यात व खालच्या इयत्तेच्या मुलांनी अंतरे मोजावीत. मोजमाप खालच्या वर्गाचे, गुणोत्तर वरच्या वर्गाचे, अशी एकाच आकृतीवर दोन्ही वर्गांची सोय होते.

तपासणीचे प्रश्न

(१) कोणतेही दोन चौरस समरूप असतात काय? — असतात, कोन काटकोन आणि बाजूंचे गुणोत्तर सर्वत्र एकच.

(२) कोणतेही दोन आयत? — नेहमी नसतात. ३ व ५ आणि ५ व ७ बाजूंचे आयत तपासावेत : ३ ची ५ होताना पट सुमारे १.६७, ५ ची ७ होताना पट १.४.

(३) कोणतेही दोन समभुज चौकोन? — नेहमी नसतात. बाजू प्रमाणात असतात, पण कोन निराळे असू शकतात.

(४) ४, ६ व ८ सेंटिमीटर बाजूंच्या त्रिकोणाशी समरूप अशा त्रिकोणाची सर्वांत लहान बाजू १० सेंटिमीटर आहे. इतर बाजू किती? — पट २.५, म्हणून १५ व २० सेंटिमीटर.

(५) दोन समरूप शेतांच्या संगत बाजू २० मीटर व ५० मीटर आहेत. लहान शेत ८ आरांचे असल्यास मोठे किती? — बाजूंची पट २.५, क्षेत्रफळाची पट ६.२५, म्हणून ५० आर.

उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे आल्यास ते पुरे समजू नये. पट किती व ती सर्व बाजूंना तीच आहे काय, हे मुलाने आकड्यांनी दाखवावे. पाचव्या प्रश्नाला २० आर असे उत्तर आले, तर त्या मुलाने बाजूची पट ओळखली आहे, वर्ग करणे तेवढे राहिले आहे. त्यास ३३ फुटांचे चौरस पुन्हा आखावयास लावावेत. दुसऱ्या प्रश्नात दोन्ही आयत समरूप आहेत असे उत्तर आले, तर मुलगा अद्याप बेरजेतच आहे असे समजावे आणि त्याच्या हाती खडू देऊन सात किरणांचा तिसरा सप्तभुज त्याच्याकडूनच काढून घ्यावा.